गिळलेलं चौथं नाव

संघमित्रा गमरेला लहानपणापासून एक खोड होती. माणूस दिसला की त्याला डकवायला तिच्याकडे चिठ्ठी तयार असायची. पाचवीत असताना गावच्या मंडळाच्या पंगतीत तिनं अंकुशकाकांच्या पाण्याच्या पेल्याला 'यांना मधुमेह आहे, गोड वाढू नये' अशी चिठ्ठी लावली होती. वाढपी बिचारे प्रामाणिक. जिलबीचं ताट पुन्हा पुन्हा काकांच्या समोरून गेलं आणि काकांच्या पत्रावळीत एक वेढासुद्धा पडला नाही. चिठ्ठी कोणी लावली ते काकांना आजवर कळलेलं नाही, आणि आपणही सांगायला जायचं नाही.

पुढं ती कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत गोदामांसाठी प्रोग्रॅम लिहायला लागली, पण खोड काही गेली नाही. ऑफिसच्या फ्रीजमधल्या स्वतःच्या डब्यावर ती 'कारली' लिहून ठेवते. आत बोंबलाचं कालवण असलं तरी डब्याला कोणी हात लावत नाही. अशा मुलीच्या हाती अख्ख्या गावाला खुणा डकवायचं काम पडलं, तर काय होणार ते होणारच होतं.

काम पडलं ते तिच्या बाबांमुळं. सिताराम गमरे कारखान्यातून निवृत्त होऊन कोपरखैरण्याच्या घरात दिवसभर खिडकीशी बसून असायचे. पालेकोंड हे त्यांचं गाव कोकणात, पण निम्मं गाव आता नवी मुंबईत. कोणी बोनकोड्यात, कोणी घणसोलीत, कोणी रबाळ्यात. या सगळ्यांचं मिळून पालेकोंड बौद्धजन मंडळ. मंडळाची दर वर्षी एक छापील स्मरणिका निघायची, ती यंदा कॉम्प्युटरवर काढावी असं चिटणीस अंकुश तांबे, म्हणजे आपले जिलबीवाले अंकुशकाका, सभेत म्हणाले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सितारामभाऊंनी हात वर केला.

"आमची मित्रा करील की," ते म्हणाले.

मित्राला विचारलं होतं का? छे. बाप मुलीला कधी विचारतो का असलं.

तिनं बाजारातलं तयार सॉफ्टवेअर आणून बघितलं. त्यात इतकी बटणं की अध्यक्ष भैरूआबा कासारे बघूनच म्हणाले, "हे विमान हाय का?" मग तिनं स्वतःच एक छोटंसं ब्लॉगचं सॉफ्टवेअर लिहिलं. एक मोठी चौकट, तिच्यात लिहायचं. खाली एक बटण, 'पाठवा'. बस्स. पहिला लेख बाबांनी पाठवला, आणि मग ते थांबेचनात.

हे मात्र कोणाला वाटलं नव्हतं. जन्मभर यंत्राच्या आवाजात घालवल्यामुळं मोजकंच बोलणारा माणूस, पण दोन बोटांनी टकटक करत लिहायला लागला. गावची गोड्या पाण्याची विहीर, शाळेतल्या मास्तरांची छत्री, भीमगीतांच्या जलशातली फुटकी पेटी, खाडीतले खेकडे. आईनं हाक मारली तर म्हणायचे, "जरा थांब, माझा खेकडा अजून बिळातच हाय." कामावरून आल्यावर मित्रा आधी बाबांचा नवा लेख वाचायची. बाबांच्या पोटात एवढं गाव साठलंय हे तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. तिला फार बरं वाटायचं ते वाचून, आणि हे सुख असंच चालू राहावं असं वाटायचं.

पण लेख वाढले तसे ते गोधड्यांच्या चळतीसारखे एकावर एक साचत गेले. वरचा दिसतो, खालचा सापडत नाही. एके दिवशी बाबाच म्हणाले, "अगं, मीच लिहिलेली विहीर मला मिळेना."

तेव्हा मित्रानं ठरवलं, टॅग करायचे. टॅग म्हटलं की भैरूआबा पुन्हा विमान काढतील, म्हणून तिनं नाव ठेवलं 'खुणा'. लेखाच्या खाली एक लहान रिकामी चौकट. तिच्यात लेख कशाबद्दल आहे ते एक-दोन शब्दांत लिहायचं. विहीर, खेकडे, शाळा. मग कोणी 'विहीर' या खुणेवर बोट ठेवलं की विहिरीचे सगळे लेख एका जागी हजर. रविवारच्या सभेत तिनं हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. समजलं नसलं की आपली माणसं जरा जास्तच डोलावतात, हे तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी अंकुशकाकांचा लेख आला. विषय, मंडळाचे क्रिकेटचे सामने. आणि खुणांच्या चौकटीत? अध्यक्ष भैरू कासारे, उपाध्यक्ष, चिटणीस अंकुश तांबे, खजिनदार, सल्लागार, माजी सल्लागार, महिला आघाडी आणि समस्त ग्रामस्थ.

क्रिकेट हा शब्द कुठंही नव्हता.

मित्रा हसली. म्हातारं माणूस, चुकलं असेल. पण मग मंडळातल्या शकुबाईंचा कुळथाच्या पिठल्याचा लेख आला, तर त्याखाली त्यांच्या पाच जावा, सगळ्यांचे यजमान आणि शेवटी 'किलबिल' म्हणून नातवंडांची रांग. कोणीतरी नुसतं कळवलं होतं की गावची एसटी आता वळशानं जाते. त्या दोन ओळींखाली पन्नासेक माणसं उभी होती, जणू सगळ्यांनी मिळून ती एसटी वळवली होती.

आता यात त्यांचं तरी काय चुकलं, सांगा. मजकुराखाली रिकामी जागा दिसली की मराठी माणसाला ती कशासाठी असते हे उपजतच ठाऊक असतं. लग्नपत्रिका बघा, चौकातले फ्लेक्स बघा. वर मजकूर बोटभर आणि खाली निमंत्रक, विनीत, शुभेच्छुक हातभर. तिथं एखादं नाव राहिलं तर माणूस मयतीलासुद्धा तोंड फिरवून बसतो. एवढी मोकळी चौकट समोर असताना सख्ख्या चुलत्याचं नाव गाळून तिथं 'खेकडे' लिहायचं? कोणाची हिंमत होईल?

झालं असं की प्रत्येक लेखाला प्रत्येकाची खूण लागली. कुठल्याही खुणेवर बोट ठेवा, सगळेच्या सगळे लेख बाहेर. वर फोनांची बरसात. प्रोग्रॅम पदं वगळून नावं अकारविल्हे लावायचा, त्यामुळं अंकुशकाका कायम पहिल्या ओळीत आणि भैरूआबा कुठंतरी तळाला.

"चिटणीस वर आणि अध्यक्ष खाली, हे कुठल्या घटनेत लिवलंय?" आबांनी फोनवर विचारलं.

मित्रा वैतागली, आणि वैतागली की तिच्यातली पाचवीतली पोर जागी होते. तिनं प्रोग्रॅममध्ये गुपचूप एक पाचर मारली. खुणा फक्त तीन. चौथी आली की प्रोग्रॅमनं ती आवाज न करता गिळून टाकायची. सूचना नाही, ताकीद नाही, काही नाही. लिहिणाऱ्याला वाटणार, आपण सगळ्यांना मान दिला; आणि पडद्यावर तीनच नावं दिसणार. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ती ऑफिसात एकटीच हसत बसली. शेजारच्या टेबलावरच्या क्षिप्रानं विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "एक गाव गिळतेय."

त्याच आठवड्यात मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. ब्लॉगवर सगळ्यात जास्त लिहिलं म्हणून सितारामभाऊंचा शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाला. माणूस असा लाजला की शाल खांद्यावर टिकेना, आईनं पुढं होऊन दोनदा सारखी केली. घरी येताना बसमध्येसुद्धा त्यांनी ती काढली नाही, एवढं उकडत असून.

दुसऱ्या दिवशी अंकुशकाकांनी सत्काराचा सविस्तर वृत्तांत पाठवला. शिष्टाचाराप्रमाणे खाली नावं घातली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस आणि मग सत्कारमूर्ती सिताराम गमरे.

चौथं नाव. प्रोग्रॅमनं गिळलं.

बाबांनी तो वृत्तांत उघडला, खालीवर केला, चष्मा पुसून परत बघितला आणि कॉम्प्युटर बंद केला. मित्रा तेव्हा चहा पीत होती. तिच्या काही लक्षातही आलं नाही.

त्या दिवसापासून बाबांचं लिहिणं बंद. विचारलं की, "बोटं दुखतात." मलम आणून दिलं तर म्हणाले, "डोळ्यांना पण त्रास होतो." पुन्हा खिडकी, पुन्हा खाली उभ्या असलेल्या रिक्षा. मित्रा कामावरून आली की सवयीनं ब्लॉग उघडायची आणि तिथं शकुबाईंचं पिठलं असायचं, बाबांचं नवं काही नसायचं. तिला करमेना. तिनं नवा कीबोर्ड आणला, अक्षरं मोठी केली. बाबा म्हणाले, "छान हाय," आणि त्यावर रुमाल घालून ठेवला.

शेवटी आईनंच तोंड उघडलं. आई स्वयंपाकघरात सुकट निवडत बसली होती.

"त्यांची बोटं बरी आहेत," ती मान वर न करता म्हणाली. "नाव नाही ना त्यात."

"कशात?"

"सत्काराच्या त्या लेखात. तिघांची आहेत. ज्याचा सत्कार, तोच गायब."

"पण आई, बाबांना कुठं नावाची हौस आहे? ते स्वतःच म्हणतात."

"जो तसं म्हणतो ना, त्याचं नाव आधी घालायचं असतं," आई म्हणाली. "चुलतभावाच्या पत्रिकेत नाव राहिलं होतं तर लग्नाला गेले, मांडवाचे खांब रोवले, पाणी भरलं आणि न जेवता घरी आले. मला म्हणाले, भूक नव्हती."

मित्रानं क्षणभर अंकुशकाकांवर दात खाल्ले, आणि मग तिला आपलीच पाचर आठवली. काकांनी तर नाव घातलं होतं. गिळलं होतं तिनंच. ती तशीच उठून बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचं नाव काकांनी लिहिलं होतं. चौथं होतं. ते प्रोग्रॅमनं कापलं."

बाबांनी खिडकीतून मान वळवली. "प्रोग्रॅम कोणी लिवला?"

"मी."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि परत रिक्षा मोजायला लागले.

यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मित्राला त्या दिवशी भात गोड लागला नाही.

नाव परत घालायचं तर तिघांतला एक काढायला हवा. तिनं उपाध्यक्षांना काढलं. ते गावी असतात, तिथं धड नेटवर्क नाही, त्यांना कळणार कधी? उपाध्यक्षांचा फोन चहा निवायच्या आत आला. कसा आला ते देव जाणे. 'आमचं काय चुकलं' एवढं एकच वाक्य त्यांनी निरनिराळ्या आवाजांत म्हटलं. तिनं निमूट त्यांना परत जागेवर बसवलं.

डोक्यात प्रकाश पडला तो बसमध्ये. बोनकोड्याच्या चौकात बस अडली होती आणि खिडकीबाहेर एक भलाथोरला फ्लेक्स लागला होता, कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा. दादा वरती ऐटीत, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीनं बसलेले. दोन पोरगे फ्लेक्ससमोर उभे राहून मन लावून त्यात स्वतःला शोधत होते. एकाला सापडला. त्यानं लगेच मोबाइल काढून स्वतःच्या फोटोचा फोटो काढला. दादांकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मित्रा बघत राहिली. म्हणजे भांडण चौकटीचं नव्हतंच. लोकांना दोन गोष्टी हव्या होत्या आणि तिनं चौकट एकच दिली होती. मग द्या की दोन.

त्या रविवारी ती बसली. पहिली चौकट केली 'मानाची नावं'. हवी तेवढी घाला, कोणी कापणार नाही. ज्या क्रमानं लिहाल त्याच क्रमानं दिसतील, पदव्यांसकट, चि., कु., सौ. सकट, निळ्या वेलबुट्टीच्या महिरपीत. गंमत अशी की या चौकटीशी प्रोग्रॅमचा काही म्हणजे काही संबंध नव्हता. तो ती फक्त दाखवायचा, कशालाही जोडायचा नाही. दुसरी चौकट बारकीशी, 'कशाबद्दल?' ती वाचणाऱ्यानंही भरावी, पण तिथं तीनच शब्द, आणि चौथा आला तर गिळायचा नाही, तोंडावर सांगायचं की जागा संपली. तिथं कोणी सभासदाचं नाव घातलं तर उत्तर यायचं, 'हे नाव वर मानानं बसलंय. इथं विषय लिहा.'

आईनं शेजारी बसून विचारलं, "पण त्याला कळतं कसं गं, कुठली विहीर कुठल्या लेखात ते?"

"एक तक्ता लेखांचा, एक तक्ता खुणांचा. आणि मधे तिसरा, तो नुसतं लक्षात ठेवतो की कोणाची गाठ कोणाशी. एका लेखाला दोन खुणा चालतात, एका खुणेला शंभर लेख चालतात."

"म्हणजे मध्यस्थ. लग्नं जमवणारा."

"हो, तसाच."

"शंभर म्हणजे जरा जास्तच जमवतो," आई म्हणाली.

अंकुशकाकांनी काय लिहिलं होतं ते मित्रानं त्यांच्याकडूनच परत मागवून घेतलं, आणि सत्काराच्या वृत्तांताला नवी महिरप चढवली. सत्कारमूर्ती श्री. सिताराम गमरे, सगळ्यात वर. भैरूआबांना आधी फोन करून परवानगी घेतली. ते म्हणाले, "सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्ती मोठा. आम्ही काय तेवढं समजत नाय?" मग तिनं बाबांना हाताला धरून कॉम्प्युटरपुढं आणलं. बाबांनी महिरप बघितली. बराच वेळ बघितली.

"हं. बरं केलंस," म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले. लिहिणं काही सुरू झालं नाही.

मित्रा हिरमुसली. आता काय करायचं बाकी राहिलं होतं? तिनं आईला बाबांच्या जुन्या लेखांना खुणा लावायला बसवलं, निदान आहेत ते तरी सापडावेत म्हणून. आईला एका बोटानं लिहिता येतं, पण ते बोट धारदार. विहीर, शाळा, खेकडे, जलसा असं करत करत ती बिबट्याच्या लेखापाशी आली.

हा बाबांचा सगळ्यात लाडका लेख. तरुणपणी जलशाहून परतताना ते डोक्यावर पेटी घेऊन दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरत होते. तिन्हीसांजा झालेल्या. वाटेत बिबट्या. यांनी न डगमगता पेटीतून असा काही सूर काढला की बिबट्या शेपूट घालून पळाला.

आईनं लेख पुन्हा एकदा वाचला. 'कशाबद्दल?' मध्ये तिनं टाइप केलं, 'थापा'.

"आई!"

"पेटी डोक्यावर, हात पेटी धरायला. मग वाजवली कशानं? इतकी वर्षं मी विचारतेय."

मित्रानं ती खूण पुसायला हात पुढं केला आणि मागं घेतला. खोड हो, दुसरं काय.

दोन दिवसांत अख्ख्या पालेकोंडनं 'थापा'वर बोट ठेवलं. कोणीतरी भैरूआबांच्या पुरातून पोहून गेल्याच्या लेखाला तीच खूण लावली. शकुबाईंनी अंकुशकाकांच्या क्रिकेटमधल्या षटकाराला लावली. कधी काही न वाचणारी माणसं वाचायला लागली, कारण प्रत्येकाला बघायचं होतं की थापांमध्ये आज कोण बसलं. विहिरीपर्यंत कोणी पोचत नव्हतं, पण थापांच्या गल्लीत गर्दी मावत नव्हती. आणि सगळ्यांत वर, पहिल्या मानाच्या जागी, सिताराम गमरे यांचा बिबट्या.

ही खबर बाबांना अंकुशकाकांनी फोनवर दिली, हसत हसत. मित्रा कामावरून आली तेव्हा रुमाल खाली पडला होता आणि कीबोर्डवर दोन बोटं आपटत होती. चहा गार झालेला. कपाळावर आठ्या.

"बाबा, बोटं?"

"गप बस. थापा म्हणे. दाखवतो एकेकाला."

लेखाचं नाव होतं 'बिबट्या खराच होता'. पाखाडीच्या दगडांपासून बिबट्याच्या मिशांपर्यंत सगळं होतं त्यात. पेटीचा भाता पाठीमागून फाटका होता, चालताना धक्क्यानं आपोआप हवा भरायची आणि सूर निघायचा, हात लावायची गरजच नव्हती, असा खुलासा होता. वाचता वाचता मित्राला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. नुसतं हसण्याचंच होतं असं मात्र नाही.

मग तिनं खाली बघितलं. 'कशाबद्दल?' मध्ये बाबांनी स्वतःच्या हातानं एकच शब्द घातला होता. थापा.

"हे काय, बाबा? खरं होतं ना?"

"खरंच हाय," बाबा शांतपणे म्हणाले. "पण लोक तिथं येतात ना वाचायला."

आणि वर, निळ्या महिरपीत, मानाची नावं. नावं कसली, नावच. एकच. 'कु. संघमित्रा सिताराम गमरे, बी.ई. (कॉम्प्युटर)'.

मित्रा बाबांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. बाबांनीही मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. वाकून तिनं लेख वाचला, महिरप वाचली, परत एकदा वाचली. मग आत निघून गेली.

जेवायच्या वेळी ओट्यावर तवा पालथा होता. बाबांनी विचारलं, "भाकऱ्या?"

"बोटं दुखतायत," आई आतून म्हणाली.

बाबांनी मित्राकडं बघितलं, मित्रानं बाबांकडं. सितारामभाऊ लगबगीनं उठले, कॉम्प्युटरपुढं बसले आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले, 'सौ. नमिता...'